झिंग्याच्या पिलांची शेपटी पांढरी पडून मर लागली आहे. व्हायरसच म्हणायचा का?

मौदेकर
नमस्कार मंडळी. मौदा तालुक्यात आमचं एकरभराचं शेततळं आहे. एरवी रोहू-कटला असतो, गेल्या हंगामापासून झिंगाही घेतो. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, आंध्रात ज्याला स्कॅम्पी म्हणतात तो. यंदा पाऊस लागल्यावर तिकडूनच बीज मागवलं. पिशव्या पहाटे पोचल्या. तळ्यावर तरंगत ठेवल्या, थोडंथोडं तळ्याचं पाणी पिशवीत घेतलं आणि मग सोडलं. सुरुवातीला काही वाटलं नाही. आठवडा व्हायच्या आत चेक ट्रेवर, म्हणजे खाद्य पाहायच्या जाळीच्या ताटलीवर, येणारं बीज एकदम कमी झालं. काठाशी बॅटरी मारून पाहिलं तर पिलं निपचित. हातावर घेतलं तर पुढचं अंग नेहमीसारखं आरपार दिसतं आणि शेपटीकडचा भाग दुधी पांढरा. आज सकाळी काठाला मेलेल्यांचा थर.

गोंधळ असा आहे की गेल्या हंगामातले काही मोठे झिंगे अजून तळ्यातच आहेत आणि ते ठणठणीत आहेत. खातात, पंजे उगारतात. पाण्यात दोष असता तर ते आधी मेले नसते का? कुहीच्या एका मित्राचं बीज त्याच हॅचरीचं, म्हणजे जिथे बीज तयार करतात त्याच केंद्रातलं, त्याच्याकडे एकही मेलं नाही. बीजवाला म्हणतो पाणी खराब. औषधवाला म्हणतो व्हायरस, आणि डबा पुढे करतो. दोघांनाही काहीतरी विकायचं आहे, म्हणून इथे विचारतो. हॅचरीचं नाव कृपया विचारू नका.

वैनगंगेचा पोऱ्या
भाऊ, बाकीचं मागून बोलू. पहिले तळ्याचं पाणी कॅनालात नाहीतर नाल्यात सोडू नोको. खाली किती जनांच्या बोड्या हायेत माहीत नसते आपल्याले.

मौदेकर
नाही सोडलं दादा. आउटलेट बंद आहे.

निळा पंजा
मी मत्स्यविज्ञान शिकले आहे, काही वर्षं प्रयोगशाळेत काम केलं आहे. आधी थोडे प्रश्न, कारण पांढरा झिंगा म्हणजे व्हायरसच असं नसतं.

पांढरेपणा कुठून सुरू होतो? शेपटीच्या टोकाकडून पुढे सरकतो, की अंगभर कुठेही ठिपक्या-पट्ट्यांसारखा येतो? थोडी पिलं स्वच्छ पाण्याच्या टबात एअरस्टोन लावून ठेवली तर रंग परत येतो का? पहाटेचा ऑक्सिजन मोजला आहे का? आणि शेपटीचा पंखा शाबूत आहे की झिजल्यासारखा?

हे विचारायचं कारण सांगते. प्रवासाचा धक्का, गर्दी, ऑक्सिजन कमी होणं, तापमान एकदम बदलणं यानेही झिंग्याचे स्नायू पांढरे पडतात. पिशवीत रात्रभर कोंबलेलं बीज उतरवताना बऱ्याचदा असं दिसतं. त्रास लवकर थांबला तर त्यातले बरेच सावरतात. त्यात संसर्ग नसतो. दिसायला मात्र दोन्ही सारखंच, आणि इथेच लोक फसतात. दोन्हीकडून.

मौदेकर
ताई, शेपटीकडूनच सुरू होतो. टबात ठेवून पाहिलं, रंग परत आला नाही, सकाळपर्यंत सगळी गेली. पंख्याच्या कडा कुरतडल्यासारख्या आहेत. पहाटे साडेपाचला मीटर लावलं होतं, ऑक्सिजन साडेचारच्या वर होता. आणि पिलं उतरवताना पांढरी अजिबात नव्हती, चांगली उड्या मारत होती. हे सगळं नंतर चालू झालं.

निळा पंजा
मग चित्र बदलतं. उतरवताना साफ असलेलं बीज चार-पाच दिवसांनी शेपटीकडून पांढरं पडत जातंय आणि हवा देऊनही सावरत नाही. याला पांढऱ्या शेपटीचा रोग म्हणतात. शिक्कामोर्तब तपासणीनंतरच, पण तोवर हा तोच आहे असं समजून वागा.

थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मोठ्या झिंग्यांचं कोडं यातच सुटतं.

हा रोग पहिल्यांदा 1995 मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरच्या हॅचरीत लक्षात आला. पुढे चीन, तैवान, भारत, थायलंड असा तो आशियाभर सापडत गेला. आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीला आंध्र-तमिळनाडूच्या हॅचऱ्यांमधून त्याची नोंद झाली. कारण एक नाही, दोन विषाणू आहेत. मोठा तो एमआरएनव्ही. मोठा म्हणजे व्यास 26-27 नॅनोमीटर. दुसरा एक्सएसव्ही, जेमतेम 15 नॅनोमीटरचा. हा धाकटा स्वतःच्या बळावर वाढूच शकत नाही, मोठ्याची यंत्रणा वापरतो. दोन्ही आरएनए विषाणू, आणि दोघांची मुख्य जागा म्हणजे स्नायू. म्हणून तर शेपटीचं मांस पांढरं पडतं. झिंग्याची शेपटी म्हणजे बहुतेक मांसच.

आता कुणाला होतो. अळ्या, पीएल म्हणजे आपण ज्याला बीज म्हणतो ती अवस्था, आणि लहान पिलं, एवढ्यांनाच हा मारतो. पण मारतो तेव्हा हातचं काही राखत नाही. पांढरेपणा दिसू लागल्यावर आठवड्याच्या आत मर शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मोठ्या झिंग्यांचं उलट. प्रयोगशाळेत पूर्ण वाढलेल्या झिंग्यांना विषाणू थेट टोचून पाहिला आहे, ते मेले नाहीत. मात्र विषाणू त्यांच्या अंगात राहतो आणि पाण्यातून, विष्ठेतून, मेलेलं अंग एकमेकांनी खाण्यातून पुढे जातो.

म्हणजे मौदेकर, तुमचे मोठे झिंगे ठणठणीत आहेत यावरून पाणी स्वच्छ आहे असं काहीच सिद्ध होत नाही. विषाणू त्यांच्यातूनही आलेला असू शकतो.

तलावमित्र
इतकं घाबरायचं काही कारण नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन खाद्यात मिसळून पाच दिवस द्या, सोबत लसूण आणि हळदीचा अर्क. आमच्याकडे फरक पडलेला आहे.

निळा पंजा
नाही हो. ऑक्सिटेट्रासायक्लिन प्रतिजैविक आहे, ते जिवाणूंवर चालतं. विषाणूवर त्याचा शून्य परिणाम. फरक पडला म्हणता तो बहुधा मर संपल्याचा. मरायची पिलं मेली की मर आपोआप थांबतेच, मग श्रेय शेवटच्या डब्याला. झिंग्याला आपल्यासारख्या अँटिबॉडी तयार होत नाहीत, त्यामुळे माणसाच्या अर्थाने लसही नाही. या रोगावर आज बाजारात औषध नाही. हळद-लसणानं नुकसान होणार नाही, पण बीजही वाचणार नाही.

वैनगंगेचा पोऱ्या
तलावमित्र भाऊ, तुमचं दुकान हाय का हो औषधाचं?

तलावमित्र
माझा व्यवसाय काय आहे याचा इथे संबंध नाही.

वैनगंगेचा पोऱ्या
हाय म्हंजे.

धरमपेठी
मी फक्त खाणारा माणूस, मधेच बोलतो. रविवारी भोईपुऱ्यातून झिंगे आणले, मांस आतून पांढरं होतं. हा धागा वाचून पोटात गोळा आला. खायचे की नाही?

निळा पंजा
खुशाल खा. झिंग्यांचे हे विषाणू माणसाला होत नाहीत. आणि बर्फात राहिलेल्या झिंग्याचं मांस असंही पांढरट दिसतं. वास पाहा, डोकं लगेच सुटतं का पाहा, काळं पडलेलं नको. बाकी तिखट तुमचं तुम्ही ठरवा.

भीमावरम रिटर्न
गोदावरीच्या मुखाकडच्या हॅचऱ्यांमध्ये सात-आठ वर्षं काढली, आता परत नागपूरला. आतली बाजू थोडी सांगतो.

आपल्याकडे कुणी म्हणतं की मी माझ्याच तळ्यात झिंग्याचं बीज तयार करीन, त्याला आधी हे कळलं पाहिजे. झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याच्या अळीला खारट पाणी लागतं, दर हजारी साधारण 12 मीठ असलेलं. नदीतली मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते ती म्हणूनच. अंडी आधी नारिंगी असतात, तीन आठवड्यांत राखाडी होतात, की फुटली. मग अळीच्या अकरा अवस्था आणि त्यानंतर पीएल. नागपूरला समुद्र नाही, त्यामुळे आपण कायम दुसऱ्याच्या हॅचरीवर अवलंबून. त्या हॅचरीत जे असेल ते पिशवीतून आपल्या तळ्यात येणार.

आता विषाणू हॅचरीत येतो कुठून? पहिली वाट अंडेवाल्या मादीची. बाधित मादीकडून तो अंड्यांत आणि पिलांत जातो, हे प्रयोगांतून दाखवून झालं आहे. मादी बघायला सुंदर असते, हा सगळा घोळ तिथेच आहे. दुसरी वाट खाद्याची. अळ्यांना आर्टेमिया देतात, खाऱ्या पाण्यातला एक बारीक जीव. आर्टेमियाला हा विषाणू काही करत नाही, पण तो अंगावर-अंगात वाहून नेतो. आणि तिसरी म्हणजे आमची आम्हीच. एकाच टाकीची जाळी दुसऱ्या टाकीत, ओले हात, ओल्या बादल्या. घाईच्या दिवसांत मालक पाहत नसला की कोण धुतं?

चांगल्या हॅचरीत मादीचा पोहण्याचा एक पाय कापून तपासणीला पाठवतात. मादीला त्याचं काही वाटत नाही, पाय पुढच्या कातीला परत येतो. डोळ्याचा देठ पाठवून उपयोग नसतो, तिथे हा विषाणू सापडत नाही. हे मी शिकलो ते एका लॅबवाल्या मॅडमनं फोनवर झापलं तेव्हा.

मौदेकर
म्हणजे मादी तपासून मग बीज काढणारी हॅचरी शोधायची.

भीमावरम रिटर्न
हो, आणि रिपोर्ट मागायचा. कोणत्या बॅचचा, कोणत्या तारखेचा हे पाहायचं. नुसतं 'एसपीएफ आहे', म्हणजे ठरावीक रोगांपासून मुक्त आहे, असं म्हणणारा प्रत्येक जण खरं बोलत नसतो. आणि व्हेनामीचा, म्हणजे समुद्री कोळंबीच्या एका जातीचा, रिपोर्ट झिंग्याच्या बीजाला चिकटवून पाठवलेलाही मी पाहिला आहे. त्यात पांढऱ्या ठिपक्याच्या रोगाची तपासणी असते, पांढऱ्या शेपटीची नसते. वाचल्याशिवाय कळत नाही.

एक जुनी गोष्ट. 2005 च्या सुमारास भारतात स्कॅम्पीचं उत्पादन वर्षाला 42 हजार टनांच्या घरात होतं. पुढच्या चार-पाच वर्षांत ते सात हजारांच्याही खाली आलं. भीमावरमकडे तळीच्या तळी रिकामी झाली आणि 2009 नंतर त्यांतली कितीतरी व्हेनामीकडे वळली. लोक सगळा दोष या रोगाला देतात, मला ते पटत नाही. त्याच त्या माद्यांची पिलं, त्यांचीच पुढे माद्या, असं करत बीज इतकं हिणकस झालं होतं की वाढच होईना. रोगानं शेवटचा धक्का दिला. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेनं पुढे निवड करून सुधारित स्कॅम्पी काढली ती याच दुखण्यावर.

कुहीवाला
मौदेकर म्हणताहेत तो मित्र मीच. बीज त्याच हॅचरीचं, हे खरं. पण माझं बीज तिथून थेट नाही आलं. मधल्या एका माणसानं ते आणून सिमेंटच्या टाक्यांत महिना-दीड महिना वाढवलं आणि मग मला दिलं. बोटभर झालेलं होतं. महाग पडलं, घरी बोलणीही खाल्ली. आता आई काही म्हणत नाही.

निळा पंजा
मग उत्तर तुमच्या बोटभर पिलांत आहे. रोगाचं वय त्या टाक्यांतच उलटून गेलं. त्यात ज्यांना व्हायचा होता ती तिथेच गेली असतील किंवा त्या खेपेत विषाणू नसेलही. पण तुमचे झिंगे निर्दोष आहेत असं यावरून धरू नका. जगलेले वाहक असू शकतात. एकदा तपासून घ्या. झिंगा मारायची गरज नाही, भीमावरमभाऊंनी सांगितलं तसं पोहण्याच्या पायाचा तुकडा पुरतो.

कुहीवाला
तपासून काय करू ताई? मरत तर नाहीत.

निळा पंजा
तुम्ही विकून मोकळे व्हाल ते ठीक. पण पुढच्या वर्षी याच तळ्यात थोडे मोठे झिंगे ठेवून वरून लहान बीज सोडाल तेव्हा काय, हे तुम्हाला आज कळलेलं बरं.

मौदेकर
माझ्या तळ्यात नेमकं तेच घडलं आहे ना.

निळा पंजा
शक्यता दोन्ही आहेत. बीजातून आला, किंवा जुन्या झिंग्यांतून. तपासणीला दोन वेगळे नमुने पाठवा: मरणारी पिलं एका कुपीत, जुन्या झिंग्यांचे पाय दुसऱ्या कुपीत. मेलेली, कुजलेली पिलं नकोत. पांढरी पडलेली पण हलणारी घ्या, आणि 95 टक्के अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, आरटी-पीसीआर म्हणजे विषाणूचा आरएनए शोधणारी तपासणी बिघडते. सुरुवात तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात विचारून करा. जवळ आहे, नमुना कुठे कसा पाठवायचा हे ते सांगतील. चेन्नईच्या सीबा या मचूळ पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेकडेही झिंग्यांच्या विषाणूंची तपासणी होते. केंद्र सरकारचं 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचं ॲप 2023 पासून आहे, त्यावर नोंद टाका. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत असलेला रोग आहे हा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

उमरेडचा तांदूळवाला
पुढच्या वेळी बीज घेण्याआधी तपासायचं असेल तर किती पिलं द्यायची? आमच्याकडे एक जण दहा पिलं घेऊन गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, आणि पुढे सगळं मेलं. तेव्हापासून आमच्या गावात तपासणीवर कुणाचा विश्वास नाही.

निळा पंजा
दहावर विश्वास ठेवायलाच नको होता. हिशोब असा. लाखभर बीजात शंभरामागे दहा बाधित असतील तर त्यातलं एक तरी हाती लागेल अशी 95 टक्के खात्री हवी असल्यास साधारण 30 पिलं लागतात. शंभरामागे दोनच बाधित असतील तर 150. आणि दोनच बाधित असलेलं बीज तळ्यात गेलं तरी आठवड्यात व्हायचं ते होतं. म्हणून प्रत्येक टाकीतून मिळून 150 घ्यायची, पाच-पाचाचे गट करून तपासायची म्हणजे खर्च आवरतो. मुठीत येतील तेवढी उचलायची नाहीत. सुस्त पिलं तळाशी असतात, वरून जाळी फिरवली की तेवढी चपळच मिळतात.

निगेटिव्ह रिपोर्टनंतरही बीज थेट तळ्यात सोडू नका. तळ्यात हापा, म्हणजे जाळीचा पिंजरा, बांधण्यापेक्षा बाहेरच्या टाकीत दोन आठवडे ठेवा. हापा असला तरी पाणी तेच. टाकीत रोग निघाला तर टाकी धुता येते, एकराचं तळं धुता येत नाही.

खेकडेबाज
आमच्याकडे कोणीतरी म्हणत होतं की चीनमध्ये नवीन व्हायरस आहे, डोकं पांढरं करतो. तो हाच का?

निळा पंजा
तो वेगळा. डीआयव्ही-1, डीएनए विषाणू. 2014 मध्ये चीनमध्ये गोड्या पाण्यातल्या लाल पंजाच्या क्रेफिशमध्ये सापडला. आपल्या झिंग्याला तो झाला की कवचाखाली, कपाळावरच्या करवतीच्या मुळाशी पांढरा त्रिकोण दिसतो. शेपटी नाही, डोकं. आणि तो मोठ्यांनाही मारतो, म्हणून जास्त भीती. चीनमध्ये व्हेनामी, झिंगा आणि क्रेफिश एकाच तळ्यात वाढवणाऱ्यांकडे तो एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला दिसला. मौदेकरांच्या लक्षणांशी जुळत नाही.

पांढऱ्या ठिपक्याचा तो तिसराच. 1990 च्या दशकात त्यानं समुद्री कोळंबीची धूळधाण केली. झिंगा त्याला बराच सोसतो, व्हेनामी-टायगरसारखा पटापट मरत नाही. पण धानाच्या बांधातले खेकडे तो बाळगतात. पांढरी शेपटी, पांढरं डोकं, पांढरे ठिपके: तिघांत सरमिसळ करू नका.

बांगलादेशातल्या हॅचऱ्यांत अळ्या मारणारा आणखी एक विषाणू निघाला आहे, आणि चीनमध्ये एक असा आहे जो झिंग्याला मारत नाही, नुसता खुरटवतो. लहानपणीच वयात येतात आणि वाढ थांबते. शेतकऱ्याला सगळ्यात उशिरा कळतो तोच, कारण मेलेलं काहीच दिसत नाही आणि खाद्य तर चालूच असतं.

खेकडेबाज
म्हणजे व्हेनामी अन् झिंगा एकत्र टाकायचा विचार सोडून द्यावा.

निळा पंजा
सोडाच. पांढऱ्या शेपटीचा विषाणूही टायगरसारख्या समुद्री कोळंबीला टोचला तर ती मरत नाही, पण बाळगते आणि झिंग्याच्या पिलांना देते. कुणाचं काय कुणात लपून बसेल सांगता येत नाही.

वैनगंगेचा पोऱ्या
ताई, आमच्या सोसायटीकडे मालगुजारी तलाव हाय. तिथं नदीतले झिंगे आपोआप येतेत, गोदावरीचेच बारीक जातीचे. आमचे आजोबा सांगत, झिंगे मरतेत तं पाणी आटल्यावर मरतेत, उन्हाळ्यात. रोग-गिग काही नवतं म्हने. आता विकतचं बीज तलावात टाकायचं म्हनून राहिले लोकं. टाकावं का?

निळा पंजा
दादा, विरळ तलावात एकमेकांशी गाठच कमी पडते, त्यामुळे रोग असला तरी असा उसळत नाही. आजोबांचं खरं आहे. विकतचं टाकायचंच असेल तर बोटभर वाढवलेलं आणि तपासलेलं टाका, आणि धरणातले किंवा नदीतले झिंगे उचलून कुणाच्या शेततळ्यात देऊ नका. त्या उलाढालीतच जास्त धोका आहे.

उन्हाळ्याचंही बरोबर. पाणी 35 अंशांवर गेलं की हा झिंगा सहसा टिकत नाही, आणि 14 च्या खालीही नाही. नागपूरच्या मे महिन्यात उथळ शेततळं दुपारी कुठे जातं ते तुम्हाला मी काय सांगू.

मौदेकर
रिपोर्ट आला. पिलांत दोन्ही विषाणू निघाले. जुन्या झिंग्यांच्या पायांतही. ज्या खेपेचं बीज होतं त्यातली थोडी पिलं बीजवाल्याच्या एजंटाकडे टाकीत शिल्लक होती, तीही मेली असं तो आता कबूल करतो. म्हणजे कोणाकडून आलं ते कळणारच नाही बहुतेक.

भीमावरम रिटर्न
कळणार नाही. भांडण सोडा, पैसे गेले समजा.

कुहीवाला
मीही पाठवले होते. माझ्या वीसपैकी सहा झिंगे पॉझिटिव्ह. सगळे खाऊन-पिऊन मजेत आहेत. आता ताईंचं म्हणणं लक्षात आलं. दिवाळीनंतर एकदाच सगळा माल काढणार, मागे एक ठेवणार नाही.

निळा पंजा
उत्तम. विकताना लोकांना काही धोका नाही, निर्धास्त विका. फक्त जिवंत झिंगा दुसऱ्या शेतकऱ्याला देऊ नका आणि सोललेली डोकी-साली दुसऱ्या तळ्यात खाद्य म्हणून टाकू नका. हे आपल्याकडे सर्रास चालतं.

मौदेकर, तुमच्यासाठी. पाणी बाहेर सोडण्याआधी निर्जंतुक करावं लागेल. त्यासाठी ब्लीचिंग पावडर दहा लाख भागांत 60 भाग, म्हणजे घनमीटरमागे 60 ग्रॅम. तुमचं एक एकर, मीटरभर पाणी धरलं तर चार हजार घनमीटर. 240 किलो पावडर. आकडा ऐकून दचकाल म्हणून आधी सांगते, मोठे झिंगे आणि मासे काढून घ्या, पाणी शक्य तेवढं तळ्यातच मुरू-आटू द्या, ते गुडघ्याएवढं उरलं की मग ब्लीचिंग टाका. खर्च निम्म्याच्याही खाली येतो. संध्याकाळी टाका, उन्हात क्लोरीन उडून जातो. पावडर ताजी घ्या, उघडं पडलेलं पोतं नुसता चुना होतं. तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि वाऱ्याकडे पाठ.

मौदेकर
तळं वाळवलं की काम झालं?

निळा पंजा
तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा, मग चुना. आणि काठावरचं गवत, बेशरम काढा. त्यात पाणढेकूण, पाणभुंगे, चतुराच्या अळ्या राहतात. हा विषाणू त्यांच्यातही सापडलेला आहे, आणि ते एका तळ्यातून दुसऱ्यात उडत जातात. जाळी, चेक ट्रे, बादल्या ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून उन्हात टाका.

उमरेडचा तांदूळवाला
पुन्हा बीज कधी टाकायचं मग? सप्टेंबरात चालेल?

भीमावरम रिटर्न
सप्टेंबरात लहान पीएल टाकून नागपुरात काही होत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी रात्री पाणी गार पडतं, झिंगा कात टाकत नाही, खात नाही. जानेवारी तसाच जातो. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडी वाढ, आणि एप्रिलला पाणी तापतं, कमी होतं. टाकायचं तर बोटभर वाढलेलंच. नाहीतर यंदा राहू द्या.

मौदेकर
यंदा राहू देतो. रोहू-कटला चालेल का त्याच तळ्यात?

निळा पंजा
चालेल. हा विषाणू रोहू-कटल्याला मारत नाही. एक पूर्ण हंगाम झिंगा नाही, खेकडे नाहीत, फक्त मासे. पुढच्या जुलैला नव्यानं सुरुवात करा, टाकीत दोन आठवडे ठेवून. आणि जुन्या-नव्यांची भेट नाही.

मौदेकर
टाकी बांधायची तर किती मोठी? बायको म्हणते गोठ्यामागचा जुना हौद आहे.

निळा पंजा
आतून सिमेंट उखडलेलं नसेल तर चालेल. नवीन सिमेंट लावलं तर आधी दोनतीनदा पाणी भरून सोडून द्या, नाहीतर सामू चढतो आणि पिलं त्यानंच मरतात. मापं टाका, बीज किती बसेल ते सांगते. आत लपायला जुन्या जाळीच्या पट्ट्या सोडा, नाहीतर कात टाकलेल्या पिलांना बाकीची खातात.

वैनगंगेचा पोऱ्या
मौदेकर भाऊ, मोठे झिंगे काढाले कधी बसता ते सांगजो. आमच्याकडची चार पोरं अन् ओढजाळं घेऊन येतो. पन जाळं तुमच्याच ब्लीचिंगमध्ये धुऊन नेईन, आमच्या तलावात तसंच नाही टाकत आता.

मौदेकर
या दादा. बहुतेक पुढच्या शनिवारी. ट्रान्सफॉर्मर जळला आहे, तो बसला की पंप लागेल.